दहा महिन्यांचा ॲडव्हान्स

मा. सचिव,
गृहनिर्माण व नगरविकास विभाग,
तमिळनाडू शासन, फोर्ट सेंट जॉर्ज, चेन्नई



गेल्या महिन्यात, आनी हा तमिळ महिना संपायला दोन दिवस राहिले असताना, विल्लिवाक्कममधल्या आमच्या गल्लीत एक टेम्पो सकाळपासून उभा होता. इथं त्याला कुट्टी याने म्हणतात, आमच्याकडे छोटा हत्ती. दोन्ही भाषांना त्या एवढ्याशा गाडीत हत्तीच दिसला, याचं मला नेहमी बरं वाटतं. आमच्या वरच्या पोर्शनमधला अकरा वर्षांचा संसार त्यात चढवून झाला होता. लोखंडी बीरू म्हणजे कपाट, इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, शिवणयंत्र, एकात एक बसवलेले पाण्याचे प्लास्टिकचे कुडम (घागरी) आणि सगळ्यात वर सुतळीनं बांधलेली तुळशीची कुंडी. भाडेकरू नवरा-बायको जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून होते. ड्रायव्हर खोटीचे जादा पैसे मागत होता. आणि जिच्यासाठी हे सगळे खोळंबले होते ती मी, त्यांची हाउस ओनर, बँकेत सोनेतारणाच्या खिडकीपुढे हातातल्या चार बांगड्या उतरवत होते.

२०१४ साली ते राहायला आले तेव्हा भाडं १२ हजार होतं. मद्रासच्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचा ॲडव्हान्स घेतला, १ लाख २० हजार. घर सोडताना तो परत द्यायचा, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण ते पैसे त्याच वर्षी बोअरवेल खोल करण्यात आणि गच्चीची गळती काढण्यात गेले, आणि पुन्हा कधी एकरकमी साठले नाहीत. नवा भाडेकरू लगेच आला असता तर त्याच्या ॲडव्हान्समधून जुन्याचा फेडला असता. या शहरात बहुतेक लहान घरमालक तेच करतात. पण पुढे आडी महिना लागत होता. आडीत घर बदलायचं नाही, नव्या घरात गृहप्रवेशाचं दूध उतू घालायचं नाही, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे महिनाभर पोर्शन रिकामा आणि फाटकावर 'टू-लेट'ची पाटी.

दुपारी एकला मी परत आले. घर सोडताना रंगकामासाठी म्हणून एक महिन्याचं भाडं कापून घ्यायची इथली पद्धत आहे. मी कापलं नाही. भिंती त्यांनी चांगल्या राखल्या होत्या, आणि दुसरं कारण पुढे सांगते. पैसे हातात पडताच त्या बाईंनी आधी फोन लावला तो त्यांच्या नव्या घरमालकाला. तोही दारात वाट पाहत होता, कारण त्यालाही आपल्या जुन्या भाडेकरूला ॲडव्हान्स परत द्यायचा होता, आणि त्या भाडेकरूचंही सामान गाडीत चढलेलं होतं. त्या सकाळी माझ्या बांगड्यांवर तीन बिऱ्हाडं अडली होती. पुढची किती, ते मला कळायला मार्ग नाही.

ही साखळी आपल्या खात्याच्या कुठल्या कागदावर दिसत नसावी, म्हणून हे पत्र.

माझ्याबद्दल थोडं सांगते. वडील कराडजवळच्या एका खेड्यातले. १९५७ साली, पेरांबूरचा इंटिग्रल कोच फॅक्टरी हा रेल्वे डब्यांचा कारखाना सुरू होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा, ते तिथं फिटर म्हणून लागले. वय २१. आधी भाड्याची खोली, मग क्वार्टर, मग १९७९ मध्ये अर्ध्या ग्राउंडवर, म्हणजे १२०० चौरस फुटांवर, खालचं घर. १९९४ मध्ये ते निवृत्त झाले आणि हातात आलेल्या रकमेतून वरचा मजला चढवला. समोरचा पोर्शन दोन खोल्यांचा, मागचा खोली-स्वयंपाकघराचा. त्यांच्या डोक्यात हिशोब स्वच्छ होता: वरचा मजला आईला पोसेल. त्यानं आईला पोसलं. शाळेतली माझी नोकरी खासगी होती, तिला पेन्शन नाही, म्हणून आता तो मला पोसतो आहे. मी चेन्नईतच जन्मले. भाजीवाल्याशी, भाडेकरूंशी, डॉक्टरांशी तमिळ बोलते. पण पैशांचा हिशोब आणि मनातली बोच मला मराठीतच मांडता येते. म्हणून पत्र मराठीत आहे. तमिळ अनुवाद शेजारच्या मुलीकडून करून घेऊन तो आपल्या कार्यालयात वेगळा देणार आहे. मराठीत ते छापायला देते आहे, कारण पुण्या-नाशकात, ठाण्यात माझ्यासारख्या पुष्कळ बायका वरच्या मजल्याच्या भाड्यावर जगतात आणि त्यांच्याही मनात हेच असणार.

घरमालक म्हटलं की कायद्यासमोर एकच चित्र उभं राहतं. वीस फ्लॅट असलेला मालक आणि जिच्या जिन्यावरूनच भाडेकरू वर जातो अशी मी, दोघांना एकच कलम लागू. आमचं नातं मात्र फार वेगळं असतं. आमचा संप, म्हणजे जमिनीखालची पाण्याची टाकी, एक, मोटार एक, गेट एक. वरच्या न्हाणीत पाणी सांडलं की माझ्या देवघराच्या भिंतीला ओल येते. त्यांचं मूल रात्री रडलं की मला जाग येते, आणि माझी आई शेवटच्या आजारात कण्हायची तेव्हा त्यांना यायची. ते मला अक्का म्हणायचे, आईला पाटी, म्हणजे आजी. असं असताना पैशांवरून भांडण झालं तर नोटीस पाठवून भागत नाही. नोटीस पाठवल्यावरही संध्याकाळी त्याच जिन्यावर भेट होते.

२०१५ चा पूर आपल्याला आठवत असेल. १ डिसेंबरच्या रात्री आमच्या भागात ओट्टेरी नाल्याचं पाणी उलटं शिरलं. खालच्या घरात गुडघाभर झालं. आईला चालता येत नव्हतं. वरच्या भाडेकरूंनी तिला खुर्चीसकट उचलून जिन्यानं वर नेलं, आपल्या पलंगावर निजवलं आणि स्वतः जमिनीवर झोपले. तीन रात्री मी माझ्याच घरात त्यांची पाहुणी होते. वीज नव्हती, दूध नव्हतं, त्यांनी रव्याचा उप्पुमा करून आम्हाला आधी वाढला. त्या पुरावर लक्ष्मी रामकृष्णन यांनी २०१९ मध्ये 'हाउस ओनर' नावाचाच चित्रपट काढला. स्मृतिभ्रंश झालेला निवृत्त कर्नल आणि त्याची बायको चढत्या पाण्यात घरात अडकतात. मी तो पाहिला तेव्हा मला सारखं वाटत होतं, यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू असायला हवा होता. रंगकामाचे पैसे मी कापले नाहीत त्याचं दुसरं कारण हे.

आणि २०१९ चा उन्हाळा. पूंडी, चोळवरम, पुळल, चेंबरंबाक्कम, चारही जलाशय जवळजवळ कोरडे. बोअरवेलला गढूळ पाणी, तेही दिवसातून अर्धा तास. मेट्रो वॉटरची नऊ हजार लिटरची लॉरी आली की निम्मी गल्ली रस्त्यावर. आमच्या संपात किती पाणी आहे ते पाहायला मी एका बांबूला लाल दोरा बांधला होता. दोऱ्याच्या वर पाणी असेल तर सकाळी दहा मिनिटं मोटार, खाली असेल तर कुडम भरून जिन्यानं न्यायचे. कुणी किती नेले ते वहीत लिहायचं. वही वरच्या बाईंकडे होती, माझ्याकडे नाही, हे मुद्दाम ठरवलं होतं. मालकाच्या हातात पाण्याची वही असली की ती वही राहत नाही, चाबूक होतो. आवश्यक पुरवठा तोडायला आपल्या कायद्यानं मालकाला मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. पण जिथं पाणीच नाही तिथं तोडलं कुणी आणि आटलं किती, हे कुठलं न्यायालय ठरवणार? मागच्या पोर्शनमधल्या भाडेकरूला जूनमध्ये वाटलं की मी मुद्दाम मोटार बंद ठेवते. तो दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. शेवटी मी त्याला संपाचं झाकण उघडून बांबू हातात दिला. दोरा कोरडा निघाला तेव्हा आम्ही दोघंही गप्प उभे राहिलो.

आता ॲडव्हान्सकडे येते.

दहा महिन्यांचा ॲडव्हान्स म्हणजे घरमालकाची हाव, असं भाडेकरू म्हणतात, वर्तमानपत्रं म्हणतात, आणि आपल्या कायद्याच्या मनातही तेच असावं. २०१७ चा घरमालक व भाडेकरू यांचे हक्क आणि जबाबदाऱ्या नियमन करणारा कायदा २२ फेब्रुवारी २०१९ ला अमलात आला. त्यात म्हटलं आहे की वेगळा करार नसेल तर तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेता येणार नाही, आणि घर सोडल्यावर महिन्याच्या आत ती परत द्यायची. 'वेगळा करार नसेल तर' या शब्दांतून दहा महिने पुन्हा आत येतात. आणि महिन्याची मुदत भाडेकरूच्या कामाची नाही, कारण त्याला ते पैसे त्याच दुपारी पुढच्या मालकाला द्यायचे असतात.

हाव कुठेच नाही असं मी म्हणत नाही. पण दहा हा आकडा कुठून आला याचा विचार व्हायला हवा. मला तो २०१७ साली समजला. मागच्या पोर्शनमध्ये एक गृहस्थ होते. चांगली नोकरी, स्वतःची मोटारसायकल, भाडं साडेसहा हजार. त्यांनी एका महिन्यात भाडं थांबवलं, दुसऱ्या महिन्यात थांबवलं, आणि तिसऱ्या महिन्यात मला शांतपणे सांगितलं की कोर्टात जा. मी एका वकिलांकडे गेले. तेव्हा १९६० चा जुना भाडेनियंत्रण कायदा होता. वकिलांनी फाइल उघडली नाही, चहा मागवला आणि विचारलं, ॲडव्हान्स किती आहे? म्हटलं, पासष्ट हजार. ते म्हणाले, मग तो संपेपर्यंत थांबा, त्यानंतर तो आपोआप जाईल. कोर्टात गेलात तर तुमचं वय निघून जाईल. मी थांबले. गृहस्थ बरोबर दहाव्या महिन्याच्या शेवटी गेले. विजेचं बिल आणि फुटलेलं सिंक ठेवून गेले, पण गेले.

त्या दिवशी मला कळलं की दहा महिन्यांचा ॲडव्हान्स ही न्याय मिळायला लागणाऱ्या वेळाची किंमत आहे, आणि ती किंमत प्रामाणिक भाडेकरू भरतो. माझ्या समोरच्या पोर्शनमधल्या माणसानं अकरा वर्षांत एकदाही भाडं चुकवलं नाही. तरी त्याचे १ लाख २० हजार माझ्याकडे अकरा वर्षं बिनव्याजी पडून होते, अशा एका माणसाच्या भीतीपोटी जो त्याच्या ओळखीचाही नव्हता. ते पैसे त्यानं लेकीच्या नावानं बँकेत टाकले असते तर? हा विचार मला बँकेच्या खिडकीपाशी आला आणि तिथून हलला नाही.

जुन्या कायद्याबद्दल इथल्या मराठी माणसालाही पुष्कळ ठाऊक आहे. साहुकारपेठेत सोन्याची गलाई करणारे आमचे लोक, विटा, खानापूर, आटपाडीकडचे, जुन्या वाड्यांच्या खोल्यांत पिढ्यान्पिढ्या भाड्यानं राहत आले. न्याय्य भाडं म्हणजे मालमत्तेच्या किमतीवर राहत्या घराला ९ टक्के आणि दुकानाला १२ टक्के, असं त्या कायद्यात होतं. पण ते ठरवून घ्यायलाच वर्षं जायची. आणि मुंबईत काय झालं ते तर आम्ही नातेवाइकांच्या चाळींत डोळ्यांनी पाहिलं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर बांधलं. मालकानं दुरुस्ती सोडली, भाडेकरूनं खोली सोडली नाही, पागडी आली, आणि जिन्यांना लाकडी टेकू लागले. माझ्या मावशीच्या गिरगावातल्या चाळीत न्हाणीकडे जाताना आम्हा मुलांना एकेकटं जायला सांगायचे, दोघं एकदम नको, गॅलरी सोसणार नाही. तो काळ परत यावा असं मी कधीच म्हणणार नाही. भाडं गोठवून भाडेकरूचं भलं झालं नाही. घरच पडलं.

तेव्हा नवा कायदा आला याचा मला आनंदच आहे. लेखी करार हवा, नोंदणी हवी, हेही मान्य. पण त्याची एक बाजू मला टोचते. नोंदणी न केलेला करार पुरावा म्हणून चालत नाही. आणि करारच केला नाही, तर तेवढंही घर रिकामं करून घ्यायला कारण होऊ शकतं. एखाद्या मालकानं मुद्दामच कागदावर सही टाळली तर? भाडेकरू बिचारा विश्वासानं राहणार आणि कागद नाही म्हणून बाहेर जाणार. हे कलम मला, घरमालकिणीला, फायद्याचं आहे. तरी ते मला नको आहे. सही टाळणारा कोण होता हे आधी बघा.

पुण्याला माझी धाकटी बहीण असते. तिच्या फ्लॅटचा भाडेकरार करायला एजंट संध्याकाळी घरी येतो. बोटांचे ठसे घेणारं यंत्र आणि लॅपटॉप त्याच्या पिशवीत. सोफ्यावर बसून दोघांचे ठसे, दोघांचे फोटो, दोन साक्षीदार, आणि अर्ध्या तासात करार नोंदणीला जातो. भाडं आणि अनामत धरून पाव टक्का मुद्रांक शुल्क. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यात करार नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. त्यानं नोंदवला नाही तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. मला हे न्यायाचं वाटतं. ज्याच्या हातात किल्ली, त्याच्या डोक्यावर कागद. आपल्याकडे गल्लोगल्ली ई-सेवा केंद्रं आहेत. तिथल्या एखाद्या मुलाला असं यंत्र देऊन घरोघर पाठवता येणार नाही का? मला नोंदणीचं पोर्टल चालवता येतं, पण मागच्या गल्लीतल्या सत्तरीच्या विधवेला येत नाही. तिच्याकडे गेली वीस वर्षं तोंडी व्यवहार आहे, आणि आता तिचा भाडेकरू आणि ती, दोघंही कायद्याच्या बाहेर आहेत.

करांबद्दल माझी तक्रार नाही. चेन्नईचा मालमत्ता कर १९९८ नंतर थेट २०२२ मध्ये बदलला, आणि शहराच्या जुन्या हद्दीत १२०१ ते १८०० चौरस फुटांच्या घरांना तो दुप्पट झाला. आम्ही त्यातच येतो. चोवीस वर्षांत गटारं, रस्ते फुकट होत नव्हते. मी भरते.

विजेबद्दल मात्र एक कबुली द्यायची आहे. या शहरात पुष्कळ घरमालक भाडेकरूकडून ईबीचे, म्हणजे विजेचे, पैसे सपाट दरानं घेतात, युनिटला आठ, दहा रुपये. घरगुती जोडणीला दोन महिन्यांना पहिली १०० युनिटं मोफत आहेत, ती मालकाच्या खिशात जातात. २०१६ पर्यंत मीही असंच करत होते. दोन बिऱ्हाडं एका मीटरवर असली की दोन महिन्यांत ५०० युनिटांची पायरी ओलांडते आणि बिल एकदम चढतं, हे खरं. पण ती सबब होती. वरच्या बाईंनी एकदा न चिडता हिशोबाचा कागद माझ्यासमोर ठेवला. मला त्यात उत्तर देण्यासारखं काही सापडलं नाही. त्याच वर्षी वरच्या दोन्ही पोर्शनना वेगळे मीटर घेतले. अशा लहान जुन्या घरांना पोर्शनगणिक वेगळी जोडणी सहज आणि कमी खर्चात मिळाली, तर निम्मी भांडणं उठणारच नाहीत.

आणखी एक कबुली, जी जास्त जड आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये वेळच्चेरीत एका भाड्याच्या घरात पोलीस चकमकीत पाच संशयित दरोडेखोर मारले गेले. ते उत्तरेकडून आलेले होते. त्यानंतर पोलिसांनी घरमालकांना भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्यायला सांगितलं. त्याच आठवड्यात झारखंडचे दोन मुलगे मागचा पोर्शन बघायला आले. चपला बाहेर काढून आत आले, हातात ओळखपत्रं धरूनच उभे राहिले. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. ते गेल्यावर आई आतून म्हणाली, तुझे वडील आले तेव्हा त्यांनाही लोक नॉर्थ इंडियनच म्हणायचे. १९५७ मध्ये पेरांबूरला तीन दारांवरून परत पाठवल्यावर चौथ्या घरमालकानं त्यांना खोली दिली होती, एक रुपया ॲडव्हान्स न घेता. ते घर आता नाही. मी त्या मुलांना पुन्हा शोधायचा प्रयत्न केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. भीतीवर परिपत्रकाचा उपाय नसतो. पण माहिती देणं सोपं असेल आणि ती दिल्यावर मालकावर संशय येणार नाही असं वाटलं, तर नाही म्हणणारी तोंडं कमी होतील.

सगळंच वाईट नाही. २०२० मध्ये मागे एक स्वयंपाकी राहत होता, तिरुवण्णामलैकडचा, एका मेसमध्ये कामाला. मार्चअखेर लॉकडाउनमध्ये मेस बंद. त्याच सुमारास मजुरांकडून महिनाभर भाडं मागू नये असा केंद्राच्या गृहखात्याचा आदेश निघाला होता. पण महिना गेला, दुसरा गेला, चौथाही गेला. मी मागितलं नाही, आणि त्याच्या ॲडव्हान्सलाही हात लावला नाही. २८ हजार थकले. जानेवारी २०२१ पासून तो दर महिन्याला भाड्यावर एक हजार जास्त देऊ लागला. वहीत तारीख घालून सही करायचा. २८ सह्या आहेत. वही माझ्याकडे आहे.

भाडं थांबवणाऱ्या त्या गृहस्थासाठी कायदा कडक हवा आणि या स्वयंपाक्यासाठी मऊ हवा, आणि दोघं एकाच खोलीत राहून गेले. त्यांच्यातला फरक दूरच्या न्यायालयाला तीन वर्षांनी कळून उपयोग नाही. तो वॉर्डातल्या कुणाला तरी तीन आठवड्यांत कळायला हवा. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की ज्या घरात मालक स्वतः राहतो आणि एक-दोन पोर्शन भाड्यानं देतो, तिथल्या वादांसाठी प्रत्येक झोनमध्ये एक बसणारा अधिकारी द्या. वकिलाशिवाय त्याच्यासमोर उभं राहता यावं, आणि शक्यतो संप नि जिना पाहायला तो घरी यावा. थकलेलं भाडं आणि रिकामं न होणारं घर याचा निकाल तीन महिन्यांत लागतो असं या शहराला दोन वर्षं दिसलं, तर दहा महिन्यांचा ॲडव्हान्स मागायची कुणाला गरज उरणार नाही. आधी आकड्यावर बंदी घालून उपयोग होत नाही, भीती तशीच राहते आणि पैसे पावतीशिवाय घेतले जातात.

दुसरी विनंती त्या साखळीबद्दल. माझी भाची सिडनीला आहे. तिथं भाडेकरूची अनामत, जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याएवढी, सरकारी संस्थेकडे जमा होते. मालक ती खर्च करूच शकत नाही. इंग्लंडातही एप्रिल २००७ पासून नव्या भाडेकरारांची अनामत मान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. चेन्नईत असं झालं तर भाडेकरू घर बदलेल आणि पैसे खात्यातल्या खात्यात पुढच्या घराच्या नावे जातील. छोटा हत्ती दारात खोळंबणार नाही. फक्त एक लक्षात घ्या. आज ती रक्कम म्हणजे आम्हा लहान मालकांचं बिनव्याजी कर्ज आहे. बोअरवेल, गळती, वर्दा वादळात उडालेला पत्रा, सगळं त्यातून होतं. ती एकदम काढून घेतलीत तर घरं नादुरुस्त राहतील, आणि मुंबईच्या चाळींचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. अनामत आमच्या हातून घ्या आणि तिच्या बदल्यात राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी कमी व्याजाचं छोटं कर्ज द्या, नोंदवलेला भाडेकरार हेच त्याचं तारण धरून. मी ते कर्ज आनंदानं फेडीन. बँकेतल्या बांगड्या मी फेडतेच आहे.

पत्र लिहिता लिहिता आडी संपत आला. समोरचा पोर्शन ठरला आहे. नवरा मेट्रो रेल्वेच्या कंत्राटदाराकडे कामाला, बायको नर्स, एक मुलगा तिसरीत. भाडं १७ हजार. दलालानं आपणहून सांगितलं की दहा महिने द्यायला ते तयार आहेत. त्यातून माझं सोनेतारण एका दिवसात फिटलं असतं. मी तीन महिन्यांचे ५१ हजार सांगितले, आणि सांगितल्यावर रात्रभर झोप लागली नाही. मागच्या पोर्शनमधला तो गृहस्थ डोळ्यांसमोरून जात नव्हता. सकाळी त्या नर्स बाईंचा फोन आला. तीन महिने हे खरंच का, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, अक्का, उरलेल्या पैशांत मुलाची शाळेची फी भरते.

करार दोघींच्या सहीनं नोंदवणार आहोत. आवणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते दूध उतू घालायला येतील. त्याआधी वरच्या न्हाणीतला गळका नळ बदलायचा आहे आणि संप धुवायचा आहे. बांबूचा लाल दोरा विरला होता, तो कालच नवा बांधला.

आपली,
विल्लिवाक्कममधली एक घरमालकीण